खुल्या पुळणीवरून कयाक काढून स्ट्राइप्ड बास: लाटांतून जायचं-यायचं कसं?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनचे चौघे मित्र रारिटन बे या खाडीत कयाकवरून स्ट्राइप्ड बास हा मासा धरतो. वसंतात बंकर (मेनहेडन, आमिषाचा मासा) लावून, शरदात सॉफ्ट प्लॅस्टिकवर (मऊ रबरी नकली आमिष). नोव्हेंबरात मासा सँडी हूकच्या खाली समुद्राच्या बाजूला, लाँग ब्रँच ते मनस्क्वान पट्ट्यात काठाला लागून फिरतो, म्हणून या वेळी थेट पुळणीवरून निघायचा विचार आहे. खाडीत सपाट पाण्याची सवय आहे, फुटणाऱ्या लाटांची अजिबात नाही.

बोटी: १२ फुटी सिट-ऑन-टॉप दोन, १० फुटी एक आणि एक पेडलवाली. प्रश्न असे: किती लाट असली तर जायचं नाही? सामान कसं बांधायचं? वेडर (छातीपर्यंतची रबरी पँट) चालतात का? चौघांनी एकत्र निघायचं की एकेक? आणि खाडीतला टॅकल (रॉड, रील, दोरा, गऱ्या) तसाच चालेल का?

तंगूस:

पहिला प्रश्न थोडा उलटा करून घ्या. "निघता येईल का" हे बघू नका, "चार तासांनी परत लागता येईल का" हे बघा. निघताना लाट समोर दिसते, थांबून हवी ती निवडता येते, चुकलं तर पाच पावलांवर वाळू असते. परतताना लाट पाठीमागून येते, हात दमलेले असतात, बोटीत पाणी शिरलेलं असू शकतं आणि वारा बदललेला असतो. जायचं की नाही हा निर्णय परतीच्या वेळच्या अंदाजावर घ्यायचा.

आकडे. न्यू यॉर्क हार्बरच्या तोंडाबाहेरचा ४४०६५ नंबरचा बॉय (लाट-वारा मोजणारा तरंगता यंत्रगोळा) बघा. पहिल्या काही खेपांना लाट २ फुटांच्या आत आणि वारा १० नॉटच्या आत असेल तरच. बॉय जो आकडा देतो तो सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. म्हणजे "२ फूट" लिहिलेल्या दिवशी अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट लाट येणारच. उंचीइतकाच दोन लाटांमधला अवधी वाचा. ३ फूट आणि ५ सेकंद म्हणजे वाऱ्याने उठवलेली खळबळ. ३ फूट आणि ११ सेकंद म्हणजे लांबून आलेली लाट. ती समुद्रात दिसतसुद्धा नाही, पण उथळात आली की उभी राहते आणि काठावर बॉयच्या आकड्यापेक्षा बरीच मोठी होऊन फुटते. नवखे इथेच फसतात, कारण लांबून बघताना पाणी तेलासारखं दिसतं.

वाऱ्याची दिशा: ईशान्येचा वारा दोन दिवस वाहून गेला असेल तर तिसऱ्या दिवशी वारा पडला तरी लाट उरते. पश्चिमेचा, म्हणजे मतलई वारा लाटा चेपून टाकतो आणि सकाळ सुंदर दिसते, पण तोच बोट बाहेर ढकलतो. १५ नॉटच्या पश्चिम वाऱ्यात मैलभर परत वल्हवणं भल्याभल्यांना जमत नाही. अशा दिवशी काठ सोडून पाव मैलाच्या पुढे जाऊ नका.

जागा आणि वेळ. मॉनमथ काउंटीच्या बऱ्याच पुळणींवर वाळू आणून टाकलेली आहे, त्यामुळे उतार तीव्र आहे. पूर्ण भरतीला लाट बाहेर न फुटता थेट काठावर आपटते आणि बोट उचलून वाळूवर आदळते. ओहोटी अगदी संपताना ती बाहेरच्या दांड्यावर (पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर) फुटते, म्हणजे दोनदा पार करावी लागते. मधली वेळ बहुतेक ठिकाणी बरी. दगडी जेटीच्या (समुद्रात गेलेल्या बांधाच्या) आडोशाच्या बाजूला पाणी थोडं शांत असतं आणि तिथे बाहेर जाणारी ओढ मदत करते. पण जेटीपासून निदान ४० यार्ड अंतर ठेवा, आडवी ओढ दगडांकडे नेते. "पुळणीपेक्षा इनलेटमधून (खाडीच्या मुखातून) जाऊ" हा मोह टाळा. मनस्क्वान किंवा बार्नेगॅट इनलेटला ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारी लाट भिडली की जागच्या जागी उभ्या लाटा तयार होतात. त्यात मोठ्या बोटीही उलटतात.

निघताना: काठावर उभं राहून आधी १० मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटांची टोळी किती लाटांची, दोन टोळ्यांमध्ये किती वेळ, हे मोजा. बोट गुडघाभर पाण्यात, टोक लाटेला काटकोनात. टोळीतली शेवटची लाट फुटली की बसा आणि फेसातून थेट वल्हवा. थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. समोर लाट उभी राहिली तर पुढे वाका आणि तिच्या माथ्यापलीकडे वल्हं रोवून ओढा. वल्हं आडवं छातीशी धरलं तर लाट तेच तोंडावर आणून मारते.

परतताना: फुटण्याच्या रेषेबाहेर थांबून पुन्हा मोजणी. टोळीतली शेवटची लाट बोटीखालून जाऊ द्या आणि तिच्या पाठीवर, तिच्या मागे मागे या. तिच्या पुढे जायचं नाही. मागचं टोक उचललं जातंय असं बुडाखाली जाणवलं की लगेच उलटं वल्हवा, लाट पुढे जाऊ द्या. उशीर झाला की पुढचं टोक पाण्यात घुसतं आणि बोट आडवी होते. आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला कला, वल्हं फेसावर टेकवा. काठाकडे कललात की उलटलात. उथळात उतरताना नेहमी समुद्राच्या बाजूला उतरा. बोट आणि काठ यांच्या मधे कधीही उभं राहायचं नाही. पाणी भरलेली बोट लाटेबरोबर येऊन गुडघा सरळ मोडते.

लाट फारच वाटली तर एक साधा मार्ग आहे, ज्याला कमीपणा मानायचं कारण नाही: फुटण्याच्या रेषेबाहेरच पाण्यात उतरा, बोटीचं मागचं हँडल धरा आणि पोहत या. तुमच्या शरीराच्या ओढीने बोट सरळ राहते आणि लाट तिला काठाकडे नेते. सूट अंगात असेल तरच, अर्थात.

वल्हेकरी:

वर लिहिलंय त्यात सूट हा शब्द शेवटी आलाय, मी तो पहिला घालेन. नोव्हेंबरात तिथलं पाणी साधारण ५२ ते ५७ फॅरनहाइट असतं. पोशाख हवेप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख), आत लोकरीचे किंवा फ्लीसचे थर, वर लाइफ जॅकेट. थंड पाण्याचा हिशोब १-१०-१ असा लक्षात ठेवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग १० मिनिटं हातपाय नीट चालतील, आणि साधारण १ तासाने गारठून शुद्ध हरपते. मधली १० मिनिटं महत्त्वाची. तेवढ्यात बोटीवर परत चढला नाहीत तर बोटं बकलसुद्धा उघडत नाहीत.

वेडरबद्दल. "पाणी भरून तळाला नेतात" हे खरं नाही, आतलं आणि बाहेरचं पाणी सारख्याच वजनाचं. खरी अडचण वर चढताना येते. पाय पाण्याबाहेर काढायला लागलात की आतलं पाणी वजन होऊन लोंबतं आणि पोट बोटीवर ओढता येत नाही. शिवाय गारवा सरळ अंगाला. खाडीत घट्ट पट्टा लावून ठीक, फुटणाऱ्या लाटांत नको.

बोटीवर परत चढण्याचा सराव चौघांनीही उन्हाळ्यात, कोमट पाण्यात, करून ठेवायला हवा. बोटीच्या मध्यावर या, पाय मागे आडवे तरंगवत ठेवा, लाथ मारत छाती वर ओढा, पोट बोटीवर, मग कुशीवर वळून बूड जागेवर, शेवटी पाय. लोक पाय बोटीखाली जाऊ देतात आणि बोट अंगावर ओढून घेतात, म्हणून जमत नाही. सलग पाच वेळा जमेपर्यंत समुद्र लांब ठेवा.

चौघांचा क्रम. फुटणाऱ्या पट्ट्यात एका वेळी एकच बोट. तिथे सर्वांत जास्त दुखापत दुसऱ्याच्या बोटीमुळे होते. सामानासकट शंभरेक पौंडांची बोट लाटेवर आली की कोणाला वळवता येत नाही. सर्वांत तरबेज माणूस पहिला बाहेर, क्रमांक दोनचा काठावर राहून बाकीच्यांना ढकलेल आणि शेवटी निघेल. परतताना तरबेज पहिला आत येईल, म्हणजे इतरांना धरायला काठावर कोणी असेल. क्रमांक दोन पुन्हा शेवटचा. खुणा आधी ठरवा: वल्हं उभं म्हणजे या, डोक्यावर आडवं म्हणजे थांबा. लाटांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही.

व्हीएचएफ रेडिओ प्रत्येकाच्या जॅकेटवर. बोटीला बांधलेला रेडिओ बोटीबरोबर जातो. मदतीला चॅनल १६, आपापसात ६८ किंवा ७२. शिट्टी, जॅकेटला सुरी. पहाटे निघणार असाल तर पांढरा दिवा हवाच.

आणि चौघांतल्या एकाने जरी "आज नको" म्हटलं तर चौघेही खाडीत जा. त्याला समजावायला बसू नका. भीड पडून आलेला माणूस लाटेत अर्धवट वल्हवतो, आणि अर्धवट वल्हवलेली बोट हमखास आडवी होते.

मालवणी_गरी:

टॅकलचं मी सांगतो. रॉड ७ ते साडेसात फुटी, मीडियम-हेवी. रील ४००० ते ५००० आकाराचं, ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा ३ ते ४ फुटांचा लीडर (गरीकडचा तुकडा), दोन्ही जोडायला एफजी गाठ. ड्रॅग (रीलचा ब्रेक) ७ पौंडांच्या आसपास, वजनकाट्यावर ओढून तपासा. त्याहून जास्त लागत नाही, मासा बोटच ओढत नेतो आणि तीच ओढ त्याला दमवते. रॉड दोनच न्या. चार रॉडवाला कयाक लाटेत उलटला की चारही जातात.

निघताना दोन्ही रॉड आतल्या हॅचमध्ये किंवा बोटीच्या लांबीत आडवे, बंजीने दोन ठिकाणी बांधलेले. उभ्या होल्डरमध्ये अजिबात नको. ल्युअर (नकली आमिष) काढून ठेवा. उलटलेल्या बोटीखाली तीनकाटी गरी मोकळी असणं म्हणजे हाताला, नाहीतर मानेला. रीलवर झिपची पिशवी, कारण वाळू मिसळलेलं पाणी रीलमध्ये गेलं की त्याच दिवशी करकरायला लागतं. फिश-फाइंडरचा स्क्रीन काढून आत. नांगर घरी.

मासा शोधणं: बंकरचा थवा वर असला की पाण्यावर एका जागी पावसाची सर पडल्यासारखं दिसतं, बाकी सगळीकडे गुळगुळीत. थवा संथ फिरतोय तोवर खाली काही नाही. एकदम दाटला, एका बाजूला फाटला आणि बंकर हवेत उडाले की बास खाली आलेला आहे. थव्याच्या मधे बोट घालू नका. बाहेर राहून थव्याच्या कडेला फेका, मोठा मासा कडेने आणि खालून चालतो. दुसरं कारण हंपबॅक देवमासे. न्यू जर्सीच्या काठाजवळ ते याच बंकरवर येतात आणि थव्याच्या खालून तोंड उघडून वर उसळतात. देवमासा दिसला की निदान शंभर यार्ड बाजूला. राइट व्हेल (देवमाशाचीच एक जात) असेल तर ५०० यार्ड, तो कायदाच आहे.

ल्युअर: वर खात असेल तर पेन्सिल पॉपर (पाण्यावर उडणारं ल्युअर), नसेल तर ९ इंची रबरी शॅड दीड औंसाच्या जिगवर (वजन लावलेली गरी). काठाजवळ सँड ईल (बारीक लांबट मासे) असतील तर बारीक मेटल किंवा १ औंसाचा बकटेल (केसांचा जिग), तळाला टेकवत. तीनकाट्या काढून एकेरी गऱ्या लावा आणि गरीचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. जिवंत किंवा कापलेला बंकर लावणार असाल तर इनलाइन सर्कल गरी (गोल वळलेली, टोक दांड्याच्या सरळ रेषेत) सक्तीची आहे; आकार ८/० घ्या. तीनकाटीने बंकर अडकवून तसाच खाली सोडून द्यायची जुनी पद्धत आता चालत नाही, तो काढून सर्कल गरीवर लावावा लागतो. सर्कल गरीला झटका द्यायचा नाही, तंगूस ताणलं की रील फिरवत राहायचं, गरी जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते.

मासा लागल्यावर रॉडचं टोक बोटीच्या पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे तो बोट सरळ ओढेल. कुशीकडून ओढू दिलं तर लाटेवर बोट कलते. फुटण्याच्या रेषेबाहेर निदान ५० यार्ड, तोंड समुद्राकडे, फेकायचं मागे काठाकडे. मासा लाटांच्या दिशेने ओढायला लागला तर ड्रॅग सैल करा, रॉड मांडीखाली घ्या, आधी बोट बाहेर वल्हवा, मग मासा. मासा सुटला तर सुटला. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदाच फुटणारा बाहेरचा दांडाही लक्षात ठेवा. तिथे पाणी शांत दिसतं म्हणून लोक नेमके त्याच्यावर थांबतात.

हाताळणी: बासला धारदार दात नसतात, खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. गिलचं झाकण आणि पाठीचे काटे मात्र कापतात. आकार २८ ते ३१ इंच, दिवसाला एक, शेपटी मिटवून मोजायची. निघण्याआधी राज्याचा चालू नियम एकदा बघून घ्या. गॅफ (मासा टोचून उचलायचा आकडा) वापरायला बंदी आहे. सोडायचा मासा पाण्यातच ठेवून गरी काढा. सोडलेल्यांपैकी ९ टक्के नंतर मरतात असं धरूनच साठ्याचा हिशोब केला जातो, आणि साठा सध्या नाजूक आहे. दोन-चार मासे झाले की थांबायला हरकत नाही.

खाडीकाठ:

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. पेडलवाल्या मित्राने लाटांत पेडलच मारायचे का? आणि वल्ह्याला, रॉडला दोरी बांधायची की नाही? दोन्हीकडून वेगवेगळं ऐकलंय.

तंगूस:

पेडल ड्राइव्ह लाटा पार झाल्यावर बसवायचा. उथळात खालचे पंख वाळूत आपटतात आणि वाकतात, तेही नेमकं जेव्हा वेग हवा असतो तेव्हा. निघताना आणि परतताना ड्राइव्ह काढून घट्ट बांधा, खाच बुजवा, रडर वर, आणि हातात वल्हं. पेडलवाले वल्हं क्वचित वापरतात, म्हणून तुमच्या त्या मित्राला वल्ह्याचा सराव इतरांपेक्षा जास्त लागेल.

दोरी: मासे धरताना सगळ्याला, लाटांत कशालाच नाही. फुटण्याच्या पट्ट्यात शिरण्याआधी सगळ्या दोऱ्या सोडून आत टाका, मोकळी दोरी उलटल्यावर पायात अडकते.

वल्हेकरी:

एक भर. बाहेर पोचल्यावर पहिलं काम रॉड काढणं नाही, हॅच उघडून आत किती पाणी आलं ते बघणं. बोट जड वाटत नसली तरी बघा. ५ गॅलन पाणी म्हणजे ४० पौंडांवर वजन, आणि ते जागेवर राहत नाही. बोट कलली की त्याच बाजूला धावतं. हातपंप हाताशी ठेवा, आतल्या पोकळीत फोमचे नळ कोंबून ठेवा, म्हणजे पाण्याला जागाच कमी उरते. आणि १० फुटी बोटवाल्याच्या मागच्या टोकाचा ड्रेन प्लग काठावर दुसऱ्याने हात लावून तपासा.