दाढीचा साबण बोगस का आपलं पाणी?

दर्यापूरकडचा: काल एकानं इथं लिहिलं, "वाटीतला दाढीचा साबण म्हणजे निव्वळ लूट, फेस येत नाही, ब्रशवाले उगाच शायनिंग मारतात." डोकं सणकलं वाचून. भाऊ, साबणाले शिव्या द्यायच्या आधी पाणी पाह्यलं का? पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो आपण, जमिनीखालचं पाणीच खारं. हापशीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम एवढं, का फेस व्हायच्या आधीच साबणाचा साका होते. वाटीच्या काठाले जो पांढरा थर बसते ना, नखानं खरवडला तं मेणासारखा निघते. वरून मीठ. अन् नळाले शहानूर धरणाचं पाणी आलं त्या दिवशी तीच वडी, तोच ब्रश, अन् फेस असा का गालावरून हलत नाही.

गोंदियावाला: आमच्याकडे तलावाचं पाणी, खारं-बिरं काही नाही, तरी स्वस्त वडीचा फेस अर्धा गाल होईस्तोवर बसतो. सगळं पाण्यावर ढकलू नका. काही कंपन्या आंघोळीचाच साबण गोल करून विकतात असं माझं स्पष्ट मत आहे.

बोंडवाला: ते पोस्ट माझंच. अन् पाणी उकळून घेतलं होतं मी, अडाणी नाही.

दर्यापूरकडचा: उकळून चुना खाली बसते थोडा. मीठ कुठं जाते? उलट पाणी आटलं का घट्ट होते.

बोंडवाला: मंग डब्यातला दाढीचा फोम काहून चालते त्याच गावात?

दर्यापूरकडचा: फोमबी साबणच आहे बावा, फक्त त्याचं पाणी कंपनीनं आतच घालून देल्लं, तुह्या हापशीची गरजच नाही. वडी वापराची तं आरओच्या कॅनमधलं वाटीभर घे.

एसटीतला मास्तर: थांबा. कॅनच्या पाण्यानं दाढी? आमच्या गावात बाया त्या कॅनसाठी पैसे जमवतात, घरोघरी किडनीचे पेशंट, अन् तुम्ही त्याचा फेस करता? लाज वाटू द्या.

दर्यापूरकडचा: वाटीभर म्हणलं मास्तर, टाकी नाही. अन् आरओ मशीन कॅन भरताना जे खारट पाणी नालीत सोडते त्यावर काहून बोलत नाही? ते बादल्यानं जाते.

एसटीतला मास्तर: बोलतोच आहे! ग्रामसभेत बोललो तं म्हणे पुढच्या बैठकीत घेऊ. शेततळं मागा तं कागद, बोअर मारा तं खारं, अन् उन्हाळ्यात टँकर आला का ज्याचं घर रोडवर त्याची टाकी आधी. हे सोडून इथं ब्रश बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा का डुकराच्या यावर भांडणं.

बोंडवाला: मास्तर, विषय दाढीचा आहे.

एसटीतला मास्तर: विषय पाण्याचाच आहे, तुम्हाले दाढीपुरता दिसला.

कटिंगवाला: मी दुकान चालवतो म्हणून सांगतो. निम्मे लोक ब्रश पाण्यात बुडवून तसाच वडीवर फिरवतात. झटकाचा असते. ओलसर ब्रश, साबण जास्त घ्या, मंग थेंब-थेंब पाणी वाढवा. खाऱ्या पाण्यात साबण दुप्पट लागते पण फेस येते. अन् गाल आधी भिजवा, ब्लेड दाबू नका, शेवटी तुरटी. आमच्या बाबांनी सारी जिंदगी याच पाण्यात काढली.

गोंदियावाला: दुप्पट साबण म्हणजे कंपनीचीच चांदी. झालं ना माझंच खरं?

बोंडवाला: बरं, साबण बाइज्जत बरी! आता मिरगात पन्हाळीखाली बादली लावतो, पावसाच्या पाण्यानं करून पाहतो. तवरक फोम.

एसटीतला मास्तर: बादली लावसान तं टाकीच बांधा ना, बादलीनं काय होते.