सुडोकूत गणित नाही

गणित कच्चं असेल तर सुडोकू जमेल का, असं एकाने विचारलंय. नक्की जमेल! यात बेरीज-वजाबाकी नसतेच. अंकांऐवजी नऊ फुलं काढली तरी कोडं तसंच सुटेल. ९ बाय ९ घरांचं हे कोडं, काही घरं आधीच भरलेली. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि ३ बाय ३ च्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच. झाले नियम.

आईला मी हे गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत, पेपरातल्या कोड्यावर शिकवलं. ती एकेका रिकाम्या घरात 'इथे कोण येईल?' म्हणून अडून बसायची. म्हटलं, आई, उलटं बघ. मधल्या चौकोनात ७ कुठे बसेल? डावीकडच्या चौकोनात तो वरच्या ओळीत आहे, उजवीकडच्यात मधल्या. म्हणजे आपला ७ खालच्या ओळीत. तिथली दोन घरं भरलेली, उरलं एकच. तिने पेन्सिल इतकी दाबून ७ लिहिला की कागद फाटायचा राहिला. बोट धक्क्याला लागेपर्यंत आणखी चार घरं भरली.

अंदाजाने मात्र आकडा टाकू नका. नीट रचलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं, आणि चुकलेला अंक बऱ्याच घरांनंतर कळतो. शंका असेल तिथे घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शक्य ते अंक लिहून ठेवा.