जेथ्रो टलचा नवा अल्बम तबकडीवर घेण्यात काही अर्थ आहे का?

सिडकोचा श्रोता
जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा 'क्युरियस रूमिनंट' हा अल्बम मार्च २०२५ मध्ये आला. नऊ गाणी, साधारण पन्नास मिनिटं. मी तो स्ट्रीमिंगवर भरपूर ऐकलाय आणि मला आवडलाय, तेव्हा भांडण अल्बमशी नाही. भांडण तबकडीशी आहे. आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या मंडळींना सध्या हा अल्बम रेकॉर्डवरच हवाय. बाहेरून मागवला की चार हजारांच्या आसपास जातो. माझं मत सरळ आहे: घेऊ नका. आजचं संगीत संगणकावर मुद्रित होतं, तिथेच त्याचं मिक्सिंग होतं. ते नंतर प्लास्टिकवर कोरून काय वाढतं? फक्त खरखर. १९७१ च्या 'अ‍ॅक्वालंग'चं जुनं प्रेसिंग, म्हणजे त्या काळी छापलेली तबकडी, कुठे मिळालं तर जरूर घ्या, ते टेपवरून आलेलं आहे. नव्या अल्बमची तबकडी म्हणजे दिवाणखान्याची सजावट.

सुईदोरा
सजावट तर सजावट! पण ज्या बँडबद्दल बोलताय त्याचा इतिहास बघा ना. १९७२ चा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' म्हणजे आख्ख्या अल्बमभर एकच रचना, आणि कव्हर कसलं, तर उलगडून वाचायचं बारा पानी खोटं वर्तमानपत्र, गावातल्या बातम्यांसकट. सीडीच्या डबीत ते वाचायला भिंग लागतं आणि फोनवर तर नुसता चौकोन दिसतो. या लोकांनी कव्हर हा कामाचाच भाग धरला. शिवाय नव्या अल्बममध्ये जवळजवळ सतरा मिनिटांचं गाणं आहे, 'ड्रिंक फ्रॉम द सेम वेल'. फोनवर तुम्ही ते पूर्ण ऐकलंत का, खरं सांगा.

सिडकोचा श्रोता
पूर्ण ऐकलं, तेही इगतपुरीच्या घाटात रेंज जात-येत असताना. आणि 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'चं उदाहरण तुमच्यावरच उलटतं, भाऊ. ती एकसंध रचना मधोमध तोडावी लागली ती तबकडीची बाजू संपते म्हणून. सीडी आल्यावर ती सलग ऐकता आली.

अ‍ॅम्पवाला
दोघेही थोडे थांबा. मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, त्यामुळे माझी भक्ती फक्त मीटरवर आहे.

एलपी, म्हणजे ही मोठी तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं असली की सगळं मजेत चालतं. पन्नास मिनिटं एकाच तबकडीवर बसवायची म्हणजे बाजूला पंचवीस आली. मग खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते, बासला आवर घालावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फेऱ्यांचा वेग कायम असतो, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुई जितकं अंतर कापते, त्याच्या निम्म्याहूनही कमी ती लेबलाजवळ कापते. म्हणजे तिथे तेवढंच संगीत कमी जागेत कोंबलेलं असतं. वरचे सूर तिथे आधी फाटतात. आता गाण्यांचा क्रम बघा: ते सतरा मिनिटांचं गाणं नऊपैकी आठवं आहे. बासरीची फुंकर न् फुंकर ऐकायची जागा नेमकी सगळ्यात अवघड खाचांत.

पण सिडकोवाले, डिजिटलवरून आलं म्हणून तबकडी व्यर्थ, हेही खरं नाही. तबकडीसाठी बऱ्याचदा वेगळं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीची आवाजाची शेवटची जुळवणी, करतात. सीडीसाठी आवाज दाबून-दाबून मोठा केलेला असतो, तसा तो तबकडीवर टाकला तर चांगला बसत नाही. त्यामुळे सीडीची क्षमता जास्त असूनही कधीकधी तबकडीच मोकळी वाटते. ते श्रेय प्लास्टिकचं नाही, मास्टरिंग करणाऱ्याचं.

पंचवटीचे आजोबा
मर्यादेला एवढं नावं ठेवू नका मुलांनो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. आपल्या नाशिकच्या द. वि. पलुस्करांनी तेवढ्यात ख्याल उभे केले. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्या बशांवर जे राहिलं ते आजही ऐकतो आहोत. तीन मिनिटांत राग दाखवायचा तर फापटपसारा चालत नाही. सतरा मिनिटांचं गाणं कशाला लागतं, हा माझा प्रश्न मी विचारून ठेवतो.

एक विनंती मात्र आहे. ते पेटीसारखे स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाबते, चांगल्या टर्नटेबलची दोनच्या आसपास. नातवाने माझी एक रेकॉर्ड त्यावर लावली, तेव्हापासून आमचं बोलणं जरा कमी आहे.

जुना टलवेडा
मुळात हा बँड उरलाय का? १९६७ पासूनचा एकटा गायक-बासरीवाला इयन अँडरसन. गिटारवाला मार्टिन बार नाही, अँडरसनचा आवाज ऐंशीच्या दशकातच बसला, अल्बम आला तेव्हा वय ७७. फुफ्फुसांचा जुना विकार असल्याचं त्याने स्वतः २०२० मध्ये सांगितलंय.

सुईदोरा
आणि तरी बासरी वाजवतोय! २०२२, २०२३, २०२५, असे तीन अल्बम काढलेत. गाताना खालच्या पट्टीत बोलल्यासारखं गातो, ते मला आता जास्त पटतं.

निफाडचा द्राक्षवाला
आमच्याकडच्या लोकांना एक सांगायचं राहिलंच. बँडचं नाव ज्याच्यावरून आहे तो जेथ्रो टल अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी, पेरणीयंत्रवाला. अँडरसनने स्वतः स्कॉटलंडमध्ये सॅल्मन माशांची शेती केली. त्यामुळे हा बँड आमचा!

माझं मत: घ्यावी. स्ट्रीमिंगमधून कलाकाराच्या हातात काय पडतं? बाजारात द्राक्ष सत्तरला, बागेत वीसला. तबकडी घेतली तर चार पैसे तरी नीट पोचतात.

सिडकोचा श्रोता
मग सीडी घ्या की. निम्म्याहून कमी किमतीत येते, टपालात वाकत नाही, श्रावणात बुरशी धरत नाही. पैसे पोचवायचे तर तबकडीच कशाला?

सुईदोरा
कारण लोक तीच घेतायत. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्या सीडीपेक्षा संख्येने जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. सगळे काही वेडे नसतील.

सिडकोचा श्रोता
जास्त खपतं ते चांगलं, हा न्याय लावला तर टल आपण कुणीच ऐकायला नको.

सुईदोरा
हे मात्र लागलं. 😄 ठीक आहे. एकेकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानात जायचो, ते २०१६ मध्ये बंद पडलं. आता न ऐकता, न बघता मागवावं लागतं, ही खरी पंचाईत. माझी तबकडी पुढच्या आठवड्यात येतेय. रविवारी गंगापूर रोडला माझ्या घरी या, सीडी आणि तबकडी एकामागोमाग लावू.

अ‍ॅम्पवाला
येतो. दोन्हींची पातळी मीटरने सारखी केल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. जरा जोरात वाजतं तेच लोकांना चांगलं वाटतं. आणि सुरुवात आठव्या गाण्यापासून.

सिडकोचा श्रोता
सीडी माझी आणतो. पडद्यामागे लावा, काय वाजतंय ते आधी सांगू नका.

पंचवटीचे आजोबा
सतरा मिनिटं बसायचं तर खुर्ची पाठीची हवी.