'ट्रेस फॉसिल'साठी 'लेश', 'ठसा' की 'माग'?

भूशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'ट्रेस' म्हणजे लेश, म्हणून मी 'लेशजीवाश्म' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली. 'ठसा-जीवाश्म' चालेल का?

— रेघ योग्यच आहे. लेश म्हणजे अगदी थोडा अंश. हा 'ट्रेस' वेगळा: प्राणी गेला, त्याच्या वावराच्या खुणा उरल्या. पावलं, सरपटल्याच्या रेघा, बिळं, अगदी दगड झालेली विष्ठासुद्धा. या अभ्यासाचं नाव इक्नॉलॉजी. ग्रीक 'इक्नोस' म्हणजे पाऊलखूण. 'ठसा'ही नको. चिखलात रुतलेला शिंपला विरघळून नुसता त्याचा आकार उरला, तर तो ठसाच, पण शरीराचा. तो ट्रेस फॉसिलमध्ये धरत नाहीत. मी 'मागजीवाश्म' म्हणेन.

— इचलकरंजीत 'माग' म्हटलं की यंत्रमागच डोळ्यांपुढे येतो हो!

— येऊ दे की. 'चोराचा माग काढला' म्हटल्यावर कुणी कापड विणायला बसत नाही. आणि भूशास्त्रज्ञ अक्षरशः माग काढतात. हाडं, शिंपले पाण्याबरोबर कुठल्या कुठे वाहत जातात. बीळ सहसा खोदलं तिथेच राहतं. म्हणून खडक कुठल्या परिस्थितीत तयार झाला, हे बीळ सांगू शकतं. वाळूच्या खडकात उभ्या नळ्यांची, म्हणजे 'स्कोलिथॉस'ची, दाटी दिसली तर बहुधा लाटांनी ढवळलेला उथळ समुद्र. गाळावर नागमोडी चरत गेल्याच्या 'नेराइट्स'सारख्या खुणा बऱ्याचदा खोल तळावरच्या. अशा खुणासमूहांची मांडणी जर्मन शास्त्रज्ञ झाइलाखर यांनी 1960च्या दशकात रुळवली. तेलविहिरीतून काढलेल्या खडकाच्या बारीक दांड्यातही हे वाचता येतं, म्हणून तेल शोधणाऱ्यांना त्याचं मोल. कॅम्ब्रियन या भूशास्त्रीय कालखंडाची सुरुवातही एका मागावरूनच ठरली: 'ट्रेप्टिक्नस पेडम' नावाच्या बिळाच्या खुणेवरून, कॅनडातल्या फॉर्च्यून हेडच्या खडकांत, 1992 मध्ये.

— अनुवादात एक चूक हमखास होते, ती सांभाळा. ही लॅटिन नावं खुणेची असतात, प्राण्याची नव्हेत. ट्रायलोबाइट (समुद्रातला, आता नामशेष झालेला कवचधारी प्राणी) चिखल उकरत गेला तर 'क्रुझिआना', तोच विसावला तर 'रुसोफायकस'. एकाच जिवाच्या दोन वागण्यांना दोन नावं. उलट, वेगवेगळे प्राणी सारखीच बिळं खोदतात, तेव्हा नाव एकच.

— अरे देवा. म्हणजे माझं 'ट्रेप्टिक्नस नावाचा किडा तळाशी राहत असे' हे वाक्यही गेलं. तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते कसं निसटलं कोण जाणे! 'मागजीवाश्म' घेते, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ देऊन.