टाळ्यांनंतर काय?

पथनाट्याने काही बदलत नाही, लोक टाळ्या वाजवून घरी जातात, असं पुष्कळजण म्हणतात. खरं आहे, मीही ते पाहिलंय. पण दोष पथनाट्याचा नाही. शेवट आपणच सांगून मोकळे होतो, तिथे चुकतं.

चोपडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही बालविवाहावर नाटक केलं, अहिराणीतून. मारुतीच्या पारासमोर, एक डफ आणि दोन ओढण्या एवढंच सामान. मुलीची सुपारी फुटते तिथेच थांबलो आणि विचारलं, आता पुढे काय? बराच वेळ कोणी बोलेना. मग ओट्यावर बसलेल्या एक आजी पदर सावरत उठल्या, बापाचं काम करणाऱ्या पोरासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरले इचारं का कोनी?" पुढचा तासभर गाव बोलत होतं आणि आम्ही ऐकत होतो. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

प्रेक्षकाने नाटकात शिरून गोष्ट बदलायची, हे तंत्र ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी १९७०च्या दशकात घडवलं. आपल्याकडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी, म्हणजे गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांनी, तर त्याच्याही कितीतरी आधी तमाशाचा बाज घेऊन गावोगाव प्रश्न नेले. वहीगायन हे इथलं लोकगायन ऐकत वाढलेल्या खानदेशी माणसाला हे परकं वाटत नाही. फक्त बोली त्याची हवी.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचा प्रयोग लावू नका. बाया शेतात असतात. रात्री जेवणं उरकल्यावर लावा, त्या येतात.