मदत हवी आहे: काळ्या मातीत मेटल डिटेक्टरचं सेटिंग कसं लावायचं?

मंडळी, अमळनेर तालुक्यात आमचं जुनं धाब्याचं घर पावसात बसलं. आजीनं चुलीमागच्या कोनाड्याखाली राणीछाप रुपये (व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे) पुरले होते, असं ती शेवटपर्यंत सांगायची. पैशापेक्षा तिच्या हातचं काही मिळावं, एवढीच इच्छा आहे.

डिटेक्टर मित्राकडून आणलाय, पण आमच्या काळ्या मातीवर कॉइल (खालची शोधायची चकती) नेली की सतत गुणगुणतो. बेसाल्टच्या मातीत लोहखनिज असतं, म्हणून ग्राउंड बॅलन्स (मशीन मातीशी जुळवून घेणं) करतो: मोकळ्या जागी कॉइल वर-खाली करून आवाज बसेपर्यंत. दहा पावलं गेलो की परत तेच! चुलीच्या राखेपाशी तर फारच.

सेन्सिटिव्हिटी किती कमी करू? डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारं सेटिंग) वाढवलं की खिळे गप्प होतात, पण खिळ्याशेजारचा रुपयाही सुटेल, ही धास्ती आहे. साडेअकरा ग्रॅमची चांदी साधारण वीतभर खोल असेल, तर फ्रिक्वेन्सी कमी ठेवावी का? माती ओली असताना शोधू की वाळल्यावर?

दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरांना कळवावं लागतं, ते कळवूच. खान्देशातल्या जमिनीवर कुणी मशीन चालवलं असेल, तर आकड्यांसकट सांगा.