सॉलिड माउंटिंग रोजच्या गाडीला नकोच
गिअर टाकताना इंजिन हलतं म्हणून उद्यमबागेतून (बेळगावची औद्योगिक वसाहत) अ‍ॅल्युमिनियमची सॉलिड माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार रबराशिवाय, करून घेऊ का, असं एकानं विचारलंय. करून मिळतील की, उद्यमबागेत काय मिळत नाही! पण रोज खानापूर-बेळगाव करणार असाल तर नको. मी हौसेनं तिन्ही बसवली होती. सिग्नलला आरसा इतका थरथरायचा की मागची एक बस दोन दिसायची. एसी लावला की डॅशबोर्ड खडखड. महिन्यात काढली.

त्याहून वाईट म्हणजे मिसळ: इंजिनाला रबर, गिअरबॉक्सला सॉलिड. इंजिन पिळू बघतं, गिअरबॉक्स जागचा हलत नाही, सगळा ताण माउंटिंगच्या कानावर (बोल्ट बसतो तो भाग) येतो आणि कान तडकू शकतो.

आधी जुनं रबर बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवून गिअर टाकून, ब्रेक दाबून कुणाला तरी क्लच किंचित सोडायला सांगा (तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नको). इंजिन उडी मारत असेल तर रबर गेलंय. कंपनीचंच नवं घाला. तरी हौस उरलीच तर फक्त खालच्या टॉर्क रॉडला (इंजिनाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) ७० शोअर ए (कडकपणाचं माप) च्या आसपासचं पॉलियुरेथेन बुश, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकची गादी. आडव्या बसवलेल्या इंजिनाचं मागंपुढं झुलणं मुख्यतः तोच धरतो. चोर्ला घाटात अ‍ॅक्सिलेटर सोडून दाबला की फरक कळेल.